जिन्यावरचा शर्ट

"आई, माणसाला जिन्याखालीच थांबव. मी आल्याबिगर वर जाऊ नको," मिलिंद कंपनीत निघताना बजावायचा.

त्याच्या कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये एक ओसाड बंगला होता. बाण दाखवू तिथे कंदीलवाला माणूस चालायचा. रांजणगावहून परतला की मिलिंद खेळायचा, मी शेजारी बसायचे. "भितीस बी तूच, आन् बघतीस बी तूच," म्हणून चिडवायचा. शेवटच्या खोलीपर्यंत सोबत करीन, असा मी त्याला शब्द दिला होता.

मग हायवेला त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. लेकरू घरी आलंच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मी गेम लावते. माणूस जिन्याखालीच उभा असतो. मी त्याला हलवत नाही.

आज गेममधल्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर कंपनीचा निळा शर्ट वाळत घातला होता. खिशावर माझ्या हातचे पांढरे टाके होते.

"दादाचा हाय," माझी लेक मोनाली हळूच म्हणाली. "त्या दिवशी अंगात व्हता, तोच. आई, बंद कर."

शर्टातून अजून पाणी ठिबकत होतं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि बाण पहिल्या पायरीवर नेला.