फुग्याची चाचणी

त्या रविवारी मी बाबांना आमच्या ऑफिसातली नवी चाचणी दिली. माणूस कितपत धोका पत्करतो, ते तिच्यात कळतं. स्क्रीनवरचा फुगा बटण दाबून फुगवायचा; तो मोठा होईल तसे गुण वाढतात, फुटला की सगळे जातात. ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात जन्म घालवलेल्या बाबांनी प्रत्येक फुग्याला जेमतेम बाळसं येऊ दिलं आणि हात मागे घेतला.

"बाबा, निकाल लागला. तुम्ही भित्रे आहात."

"अगं, शिकाऊ मंडळी मला रोज मरणाच्या दारातून फिरवून आणतात. घरी तरी कशाला फोडाफोडी? तुझा काय निकाल लागला?"

"चाचणी बनवणाऱ्याने ती द्यायची नसते."

"सोयीचं आहे. चल मग, गाडी शिकवतो. रस्ताही मोकळा आहे."

"आज नको बाबा, वेळ नाही." माझं नेहमीचं उत्तर.

"तुझा वेळ कोण खातं, त्याला एकदा भेटायचंय मला," असं म्हणून ते पेपर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

पुढे त्यांची शिकवण्याची गाडी विकायची ठरली. ती न्यायला माणूस यायच्या आधी मी खाली गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसले. शेजारच्या सीटवर, त्यांच्या जादा ब्रेकपाशी, कोणी नव्हतं. काचा वर केल्या आणि त्या सीटकडे बघून मोठ्याने म्हणाले,

 

"वेळ होता, बाबा. मला भीती वाटायची."