काल सांजपासून

भात झोडताना काळूराम खळ्यावरच कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. त्याची बायको बाईजा किन्हवलीहून जीप करून दोन तासांत त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन आली. काय सांगायचं ते तिनं वाटेतच ठरवलं होतं. दवाखान्यात ‘आत्ताच झालं’ म्हटलं की रांगेत बसवतात आणि ‘कालपासून’ म्हटलं की आधी आत घेतात, हे ती पोरीच्या तापात शिकली होती.

“कधीपासून असं झालंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल सांजपासून.”

त्याला लगेच आत घेतलं, मेंदूचा फोटो काढला. बाईजाला जरा बरं वाटलं.

फोटो बघून डॉक्टर खाटेशी आले. “मेंदूची नस गुठळीनं बंद झालीय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्ही फार उशीर केलात.”

“नाय डॉक्टर, मी खोटा बोलली. आज सकाळीच झालाय, नऊ वाजता.”

“हे ऐकल्यावर सगळे असंच म्हणतात, बाई. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जातो. पडताना दुसऱ्या कोणी पाहिलं का?”

“खळ्यावर आमी दोघंच होतो.” बाईजानं नवऱ्याचा खांदा हलवला. “सांगा ना तुमी त्यांना.”

काळूराम वाकडं तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला.