कोमट

क्रेन ओझं उचलेना. टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलाचं प्रेशर पडलं होतं.

"तापमानाचा काटा जाऊ द्या, भिकाकाका. तुमचा हात काय म्हणतो?" फिटर राजननं हसून विचारलं.

भिकाजीनं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपाकडं हात नेला, पण तो मध्येच थांबला. तेल तापलं की पातळ होतं, प्रेशर पडतं. तीस वर्षं हे काट्याआधी त्याच्या तळव्याला कळत आलं होतं.

तापलेल्या तेलाची सवय झालेल्या याच तळव्यानं त्यानं गेल्या महिन्यात बायकोचं कपाळ चाचपलं. "कोमट तर आहेस गं," म्हणाला आणि ड्यूटीवर आला. ताप डोक्यात गेला. चौथ्या दिवशी ती गेली.

"सांगा की, काका! गरम आहे का?"

भिकाजीनं हात खिशात घातला.

"काटाच बघ, बाबा. या मेल्या हाताला काय बी कळत नाय."