संजीव आहेत का?

लॉकडाऊनमुळे दारोदार फिरणं बंद झालं आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा एकोणीस वर्षांचा धर्मप्रचारक डॅलन नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या खोलीत बसून जुन्या यादीतले नंबर फिरवू लागला. जवळच्याच न्यूनेन गावातल्या संजीव देवधरांनी मागे कधीतरी, दारात आलेल्या प्रचारक मुलांना नाही कसं म्हणायचं म्हणून, "पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं होतं. यादीत तसंच लिहिलेलं होतं. त्यामुळे डॅलन दर रविवारी फोन करायचा आणि संजीवची बायको उल्का दर रविवारी म्हणायची, "अंघोळीला गेलेत. पुढच्या रविवारी कर."

नाताळच्या सकाळी, आईशी व्हिडिओवर बोलून झाल्यावर, त्यानं देवधरांकडे शेवटचा फोन लावला.

"परवा माझी बदली होतेय. माझ्या जागी नवा मुलगा येईल. संजीव आहेत का?"

या वेळी उल्कानं अंघोळीचं नाव काढलं नाही.

"एप्रिलमध्येच वारले ते. कोविडनं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"बाकीचे सगळे मी कशी आहे ते विचारतात. ते घरी आहेत का, असं तू एकटाच विचारायचास."

फोन ठेवल्यावर डॅलननं नाव खोडायला पेन उचललं. मग नव्या मुलासाठी त्या नावापुढे लिहिलं: दर रविवारी फोन करायचा. संजीव आहेत का, एवढंच विचारायचं.