राईतलं सरपण

“बघ, सरपणही फुकटात!” चहाखाली लाकडं सारत नवरा म्हणाला. घाटातलं जंगल उतरून किनाऱ्यानं गाडी हाकत आलो होतो, पहिल्यांदाच तंबूत राहायला. समोर समुद्र, मागे गर्द राई.

टोपली घेऊन जाणारी आजी थबकली. “लाकडं राईतली?”

“सुकून पडलेलीच घेतली,” मी म्हणाले, जरा तोऱ्यातच.

“देवाची राई ती. आमचे मालक आषाढात गेले. सरणाला सुकं लाकूड नव्हतं. अर्धेच जळले. पण इथली काडी कुणी उचलली नाही.”

नवऱ्यानं घाईघाईनं जाळावर पाणी ओतलं.

चुलीतली अर्धवट जळलेली लाकडं आजीनं टोपलीत भरली, राईच्या तोंडाशी चपला काढल्या आणि आत गेली.