बशीखालचा कप

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना काय ठाऊक, आम्ही जावाजावा वर्षभर बोलत नव्हतो! वर्गात त्यांनी नेमकी आमचीच जोडी लावली. ‘घरातली माणसं’ हा निबंध टाइप करून एकमेकींना ईमेल करायचा, तपासून समासात शेरे द्यायचे. थोरलीचा निबंध मी दातओठ खात उघडला आणि आधी स्वतःला शोधलं. एकच ओळ होती: “धाकटीला गार चहा चालत नाही, म्हणून तिचा कप मी बशीने झाकून ठेवते.” आणि मी मेली त्या बशीचं श्रेय सासूबाईंना देत होते! बाकी सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे डबे, भाऊजींचा चष्मा, सगळं होतं. मी शेरा दिला: “एक माणूस राहिलं. तुम्ही.” पलीकडच्या खुर्चीवरून लगेच ईमेल आला: “माझ्याबद्दल काय लिहायचं?” कीबोर्ड बाजूला सारून मी तोंडानेच बोलले, “जाऊबाई, लिहा: ‘माझा कप उद्यापासून धाकटी झाकणार.’”