जाळी राहिलेलं दार

"तुम्ही बिनधास्त घरी जा. आईंचा ठोका जरा जरी चुकला, तरी आम्हाला इथे स्क्रीनवर कळतं," सिस्टर म्हणाल्या.

त्याची नजर स्क्रीनमागच्या अरुंद कपाटाकडे गेली. वॉर्डातल्या सगळ्या मॉनिटरच्या वायरी तिथल्या नेटवर्कच्या डब्यात जातात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो डबा त्यानेच बसवला होता. आडवा मावेना म्हणून उभा ठोकला, तर गरम हवा सोडणारी बाजू नेमकी भिंतीला चिकटली. शिवाय डब्यातल्या पंख्याची घरघर नको म्हणून कपाटाचं दारही बंद. "दोन दिवसांत येऊन दाराला जाळी बसवतो," असं छातीठोकपणे सांगून तो गेला, त्याला आठ महिने झाले.

त्याने पत्र्याच्या दारावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"सकाळपासून दोनदा बंद पडली स्क्रीन," सिस्टर म्हणाल्या. "पण येते परत आपोआप."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" त्याने विचारलं.

सिस्टरनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, तुमच्याकडेच. जाळी बसवायला येताना आणतो म्हणून तुम्हीच नेलीत ना?"